आईच्या गोळ्या लपवू नकोस, आधी मोज

"ताई, मी २४ वर्षांची, सिडकोत राहते. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. आईचं पोळी-भाजी केंद्र आहे, त्यावर घर चालतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, दिवसाला दोन. आज ती १२ घेते. रात्री झोपेची गोळी वेगळी. चिठ्ठीची मुदत कधीच संपली, पण मेडिकलवाला ओळखीचा आहे आणि बहुतेक वेळा गोळ्या मीच आणून देते. मागच्या आठवड्यात तांदळाच्या डब्यात सहा रिकाम्या स्ट्रिप सापडल्या. विचारलं तर म्हणाली, 'मी काय दारू पिते का?' गोळीला उशीर झाला की हात थरथरतात, ओरडते, मग रडते. दिंडोरीचे मामा म्हणतात, गोळ्या फेका आणि चार दिवस खोलीत कोंडा. एकाने घरातून उचलून नेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिलाय. डॉक्टरांना सांगितलं तर पोलीस केस होईल का? माझ्या लग्नाचं बघताहेत, भाऊ बारावीला आहे. बाहेर कळलं तर? काय करू?"

(नाव न छापण्याच्या अटीवर, नाशिक)

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तांदळाच्या डब्यापाशी दोन्ही वेळा थांबले. जी बाई रोज दोनशे पोळ्या लाटून घर चालवते, तिला आपल्याच स्वयंपाकघरात रिकाम्या स्ट्रिप लपवाव्या लागतात, म्हणजे ती किती घाबरलेली असेल. तुला राग आला असेल आणि तो रास्त आहे. पण तुझ्याआधी तिला कळलेलं आहे की काहीतरी हाताबाहेर गेलंय. लपवते ती त्यामुळेच.

आधी मामांच्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण त्यात धोका आहे. गोळ्या फेकू नका आणि आईला कोंडू नका. हे मी आमच्याच घरात बघितलंय. माझ्या थोरल्या भावाच्या मांडीचं हाड अपघातात मोडलं होतं. रॉड बसला, हाड जुळलं, गोळी मात्र सुटली नाही. एका रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं कपाट रिकामं केलं, एकेक गोळी काढून संडासात टाकली आणि वडिलांनी खोलीला बाहेरून कडी लावली. मी दाराशी बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. आम्हाला वाटलं थंडी बाधली. रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. आत तो पाय झाडत होता आणि पलंगाची फळी खडखड वाजत होती, रात्रभर. तिसऱ्या पहाटे वडिलांना ऐकवेना, त्यांनी कडी काढली. दादा अनवाणी निघाला तो थेट रात्रभर उघड्या असणाऱ्या मेडिकलपर्यंत. त्यानंतर किती तरी महिने तो आमच्यापैकी कुणाशी धड बोलला नाही. गोळी सुटली ती पुढे, मानसोपचारतज्ज्ञांच्या हाताखाली, हळूहळू. आम्ही कडी लावली नसती तर तो आधीच त्या डॉक्टरांपर्यंत पोचला असता, असं मला आजही वाटतं.

असं का होतं, ते समजून घे. तू गोळीचं नाव लिहिलेलं नाहीस, पण मणक्याच्या दुखण्याला आपल्याकडे सर्रास दिली जाते ती ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल यांची एकत्र गोळी. स्ट्रिप उलटी करून बघ. ट्रॅमाडॉल हे अफूच्या वर्गातलं औषध आहे. काही महिने रोज घेतलं की शरीर त्याच्या आधारावर उभं राहायला शिकतं आणि आधार एकदम काढला की कोसळतं. यात माणसाच्या स्वभावाचा काही संबंध नसतो, कुणाच्याही शरीराचं असंच होईल. ट्रॅमाडॉलची आणखी एक खोड आहे. नैराश्यावरची काही औषधं मेंदूवर जसं काम करतात, तसंही थोडं ते करतं. म्हणून गोळी घेतली की दुखणं कमी होण्यापलीकडे अंगात हुशारी येते, मन हलकं होतं. तुझी आई कधी म्हणाली आहे का, "गोळी घेतली की हात चालतात"? म्हणाली असेल, तर ती खरंच बोलतेय. पहाटे पाचला उठून कणिक तिंबायची, नवरा नाही, पोरांची काळजी, पाठ मोडलेली. तिला दोन तास उभं राहायला त्या गोळीनं मदत केली. मग दोनच्या चार झाल्या, चाराच्या आठ, कारण शरीर सरावलं की तेवढ्यानं भागत नाही. त्यात अशी औषधं जास्त प्रमाणात बराच काळ घेतली तर काही जणांचं दुखणं उलट वाढतं. तिला वाटतं पाठ बिघडतेय म्हणून गोळी हवी, आणि पाठ दुखण्यात गोळीचाही वाटा असतो.

आता १२ या आकड्याबद्दल. या एकत्र गोळीत साधारणपणे ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. १२ गोळ्या म्हणजे ४५० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० च्या वर सहसा देत नाहीत. जास्त प्रमाणात ट्रॅमाडॉलनं फिट येऊ शकते, अगदी आधी कधीही न आलेल्या माणसालाही. आणि पॅरासिटामॉल झालं ३,९०० मिलिग्रॅम, तेही रोज. ४,००० ही वरची हद्द मानतात. त्यात कणकण वाटली म्हणून आईनं तापाच्या दोन गोळ्या घेतल्या की हद्द ओलांडली. यकृत सुरुवातीला बोंब मारत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगून यकृताची रक्ततपासणी करायलाच हवी. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात ने.

म्हणून मी तुला सांगते की गोळ्या मोज. तीन दिवस, वहीत. किती वाजता, किती, कुठली, झोपेची कुठली आणि किती मिलिग्रॅमची. जमलं तर आईला सांगूनच मोज. ती चिडेल असं वाटत असेल तर रिकाम्या स्ट्रिप जपून ठेव. ही वही डॉक्टरांच्या हातात पडली की अर्धं काम होतं, कारण "बऱ्याच गोळ्या घेते" यावर कुणी औषध ठरवू शकत नाही. डॉक्टरांची भेट होईपर्यंत तिचं रोजचं प्रमाण एकदम तोडू नका आणि वाढवूही नका. झोपेची गोळी तर अजिबात अचानक थांबवू नका. ती बरेच दिवस चालू असेल आणि एकदम बंद केली, तर त्यानंही फिट येऊ शकते.

मीच आणून देते, असं तू लिहिलंयस आणि त्या वाक्याखाली रेघ ओढली आहेस. ती रेघ मला दिसली. तू आईला औषध आणून दिलंस, जसं कुठलीही मुलगी देईल. आता त्याचा अर्थ बदललाय हे तुला कळलं, म्हणून तू लिहिलंस. मेडिकलवाल्याशी तुला बोलावं लागेल, पण आज नाही. ट्रॅमाडॉल हे शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, विकलं की रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलंय. म्हणजे तुमचा ओळखीचा माणूस स्वतःही अडचणीत येईल असं वागतोय. पण उपचार सुरू व्हायच्या आधी तू त्याचं दार बंद केलंस, तर आई दुसरं दार शोधेल, आणि तिथे तुझी नजर नसेल. आधी डॉक्टर, मग मेडिकल. उपचार ठरले की त्याला स्पष्ट सांग की आईला यापुढे फक्त नव्या चिठ्ठीवरचंच औषध द्यायचं. शेजारच्या दोन मेडिकलमध्येही सांग.

आईशी बोलायचं कधी, तर दुपारी. डबे गेलेले असतात, भांडी पालथी पडलेली असतात आणि संध्याकाळच्या कणकेला अजून तास असतो, ती वेळ. गोळी घेऊन थोडा वेळ झालेला असू दे. अंगात कळ असताना कुणालाच काही ऐकू जात नाही. मामा नकोत, भाऊ नको, दारात डबा न्यायला आलेल्या बायका नकोत. "व्यसन" हा शब्द पहिल्या दिवशी तोंडातून काढू नकोस. खोटं बोलायला सांगत नाहीये, पण त्या शब्दानं तिला गटारात पडलेला दारुडा दिसतो आणि दार बंद होतं. पाठीपासून सुरू कर. "आई, तुझी पाठ दुखते हे मला माहितीय. तीन वर्षं झाली, गोळ्या वाढत गेल्या आणि पाठ तशीच आहे. म्हणजे हे औषध आता तुला पुरं पडत नाही. स्ट्रिप मला सापडल्या, मी रागावलेली नाही. मला भीती वाटते. आपण दोघी मिळून डॉक्टरांना विचारू या." एवढंच. मग गप्प बस. गप्प बसणं फार अवघड असतं, पण बस.

ती म्हणेल, मी काय दारू पिते का. सांग, "नाही गं. डॉक्टरांनीच दिलेली गोळी आहे, तू काही शौकानं सुरू केली नाहीस." आणि तिला हेही सांग की ती एकटी नाही. २०१९ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयानं प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात १० ते ७५ वयाच्या जवळजवळ एक टक्का लोकांमध्ये औषधांच्या रूपातल्या अशा अफूवर्गीय पदार्थांचा वापर आढळला होता. शंभर माणसांमागे एक. सिडकोतल्या तुमच्या एका गल्लीत सुद्धा कुणीतरी असेल, जे बोलत नाही. पहिल्या दिवशी ती "नाही" म्हणाली तर हरू नकोस. दोन दिवसांनी पुन्हा, तशाच आवाजात.

जायचं कुठे? मानसोपचारतज्ज्ञांकडे. हाडांच्या डॉक्टरांचीही गरज आहे, पण गोळी सुरक्षितपणे कमी करणं हे मानसोपचारतज्ज्ञांचं काम. खासगी परवडत नसेल तर त्र्यंबक रस्त्यावरचं आपलं सिव्हिल आहे. सीबीएस बसस्थानकाला उतरलीस तर तिथून लांब नाही. केसपेपर काढताना मानसोपचार विभाग सांग. "वेड्यांचा डॉक्टर" असं आई म्हणेल. सांग, झोपेचं, भीतीचं, नसांच्या दुखण्याचं औषधही हेच डॉक्टर देतात. त्याआधी तुलाच कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फिरव, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी सरकारची वेगळी हेल्पलाइन १४४४६ आहे.

डॉक्टर काय करतील ते आईच्या तब्येतीवर आहे. कधी तीच गोळी टप्प्याटप्प्यानं, आठवड्या-आठवड्यानं कमी करतात. कधी ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी देतात. तीही अफूच्याच वर्गातली, पण तिचा परिणाम बराच वेळ संथ टिकतो, त्यामुळे चढउतार थांबतात आणि माणूस कामाला उभा राहतो. नातेवाईक म्हणतील, एक सोडून दुसरी लावली. ते मनावर घेऊ नकोस, आणि ती औषधं मध्येच बंद करू नकोस. काही महिने लागतात, कधी त्याहून जास्त. मामांना समजवायचं असेल तर दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतलं उदाहरण दे. छाटणी किती डोळ्यांवर, म्हणजे काडीवरचे किती कोंब ठेवून घ्यायची, हे काडी बघूनच ठरवतात ना? वेल वाकडी वाढली म्हणून कुणी मुळापासून उपटत नाही. आणि मामांना काम दे. दवाखान्याच्या दिवशी गाडी घेऊन या म्हणावं. प्रेम आहे त्यांचं, नुसती दिशा चुकली आहे.

उचलून नेणाऱ्या केंद्राला मात्र फोन करू नकोस. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा नशेच्या आजारालाही लागू आहे. इच्छेविरुद्ध भरती करायचं झालं तर त्यात दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तसं लिहावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो, आणि रुग्ण बाई असेल तर त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाला तीन दिवसांत कळवावं लागतं. साखळीनं बांधायला तर कायद्यानं पूर्ण बंदी आहे. रात्री चार माणसं पाठवून बाईला गाडीत कोंबणं यातल्या कशातच बसत नाही. पुढे कधी डॉक्टर भरती व्हा म्हणाले, तर केंद्र स्वतः जाऊन बघ. नोंदणीचं प्रमाणपत्र मागून घे. मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या वारी येतात आणि बायकांची राहायची सोय वेगळी आहे का, तेही विचार. घरच्यांना भेटू देत नाही म्हणाले तर तिथूनच परत फिर. बहुतेक केंद्रं पुरुषांचीच असतात, ही आपल्याकडची मोठी उणीव आहे आणि मला तिचा फार त्रास होतो, कारण बायकांची गोळी घरातच राहते, घरातच लपते. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे, गरज पडली तर तिथे चौकशी करता येईल.

पोलीस केसची भीती काढून टाक. रुग्णानं उपचारासाठी सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातलं ६४-अ कलम तर स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देण्यासाठीच आहे. तुझी आई रुग्ण आहे. डॉक्टरांशी काहीही लपवू नकोस, अगदी मेडिकलवाल्याचं सुद्धा.

एक गोष्ट तुला आणि भावाला दोघांनाही पाठ हवी. आई कधी हाक मारून उठली नाही, श्वास फार सावकाश झाला, घोरल्यासारखा घरघर आवाज येऊ लागला, ओठ निळसर पडले, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तर "गोळीची गुंगी आहे, झोपू दे" असं म्हणायचं नाही. लगेच १०८. कुशीवर वळवून ठेवायचं. लिंबू, ताक, कॉफी काहीही तोंडात घालायचं नाही. दुखण्याची गोळी आणि झोपेची गोळी एकत्र पोटात असताना हा धोका जास्त असतो. आणि पुढे गोळ्या सुटल्यावर तर आणखी जपायचं. दोन-तीन महिने बंद राहून एखाद्या वाईट दिवशी तिनं पूर्वीच्या हिशोबानं गोळ्या घेतल्या, तर शरीराला आता ती सवय राहिलेली नसते. माणसं दगावतात ती बरेचदा अशा वेळी. पुन्हा गोळी घेतली गेली तर ओरडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, हे आत्ताच आपसात ठरवून ठेवा.

आणि पाठीचं काय? हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं नाही, शेवटी आलं इतकंच, पण मला विचारशील तर सगळं इथेच अडलंय. पाठ दुखत राहिली तर गोळी परत येईल. फिजिओथेरपी सुरू करा आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस सोडू नका. ती पोळ्या लाटते कशी ते एक दिवस नीट बघ. ओटा तिच्या उंचीला खाली पडत असेल, म्हणजे ती दोनशे वेळा वाकते. पोळपाटाखाली जाड पाट ठेवून उंची वाढवता येते. एक पाय खालच्या ठोकळ्यावर आलटून पालटून ठेवला तर कमरेवरचा ताण कमी होतो. कणिक मळायचं यंत्र हप्त्यावर घ्या, तिंबण्यात पाठ जास्त मोडते. लाटायला एक बाई ठेवा, आणि पहिले दोन महिने संध्याकाळचे डबे बंद करता आले तर करा. पैसे कमी येतील. महिन्याला त्या गोळ्यांवर किती जातात त्याचा हिशोब त्याच वहीत मांड, थोडी भरपाई तिथेच दिसेल.

तुझ्या लग्नाचं म्हणशील, तर गावभर सांगायची गरज नाही आणि ठरलेल्या घरापासून लपवायचीही नाही. "आईच्या मणक्याचे उपचार चालू आहेत, गोळ्यांची सवय लागली होती, तीही सुटतेय." एवढं ऐकून जे मागे फिरतील त्यांच्या घरात तुला उद्या स्वतःचं दुखणंही सांगता आलं नसतं. भावाला मात्र आजच सांग. बारावीचा मुलगा लहान नसतो. त्याला सगळं दिसतंय, आणि त्याला वाटतंय की फक्त त्यालाच दिसतंय.

सिव्हिलला सकाळी लवकर निघा, ओपीडीला रांग असते. आदल्या रात्री पोळी-भाजी केंद्राच्या दाराला "उद्या बंद" अशी पाटी लाव. सोबत वही, सगळ्या स्ट्रिप, जुना एमआरआय, जुनी चिठ्ठी आणि आधार कार्ड घे. आईची त्या वेळेची गोळी पर्समध्ये असू दे, रांगेत तिचे हात थरथरायला लागले तर ती उठून घरी जाईल. डब्यात पोळ्या घे दोघींपुरत्या, आणि त्या दिवशीच्या पोळ्या तू लाट.